दाबलेल्या पेनीसाठी नाणे कोणते घ्यावे: तांब्याचे की जस्ताचे?

अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत आणि पर्यटनस्थळी ठेवलेल्या यंत्राचे चाक फिरवले की एका सेंटचे नाणे, म्हणजेच पेनी, दोन दंडगोल रोलरांमधून लांबट होऊन त्या स्थळाचे चित्र घेऊन बाहेर पडते. शिकागोला १८९३ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनापासून चालत आलेल्या या छंदात चित्राची निवड आपल्या हाती फारशी नसते. नाण्याची मात्र असते, आणि स्मृतिचिन्ह किती काळ देखणे राहील हे बरेचसे त्यावरच ठरते.

१९८२ पूर्वीच्या पेनीत साधारण ९५ टक्के तांबे असते, तर त्यानंतरची पेनी ९७.५ टक्के जस्ताची असून तिच्यावर तांब्याचा केवळ पातळ मुलामा असतो. नाणे दाबताना हा मुलामा ताणला जाऊन जागोजागी विरतो, आतले जस्त करड्या रेघांच्या रूपाने चित्रावर उमटते, आणि उघडे पडलेले जस्त दमट हवेत लवकर काळवंडते. त्यामुळे नाणे पुढे मुंबईत किंवा कोकणात राहणार असेल तर जस्ताची पेनी न घेतलेलीच बरी. तांब्याचे नाणे कालांतराने तपकिरी होते खरे, पण सर्वत्र एकसारखे, आणि तो रंग मला तरी शोभिवंत वाटतो. जस्ताच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच, की ते सुट्या पैशांत सहज मिळते. लहान मुलाच्या हौसेसाठी तेवढे पुरेसेही आहे.

खुद्द १९८२ सालची नाणी दोन्ही प्रकारची आहेत, म्हणून तिथे सालावर न जाता वजन पाहावे: तांब्याचे ३.११ ग्रॅम, जस्ताचे २.५ ग्रॅम. काटा जवळ नसल्यास नाणे टेबलावर टाकून पाहावे. तांबे खणखणते, जस्ताचा आवाज बद्द येतो.

मागील बाजूस गव्हाच्या लोंब्या असलेली, १९०९ ते १९५८ या काळातील नाणीही बहुतेक तांब्याचीच आहेत, परंतु जुने नाणे चिरडणे नाणेसंग्राहकांना रुचत नाही, आणि १९४३ ची पेनी तर पोलादाची असल्याने या कामाची नाही. १९५९ ते १९८१ मधील, कमी झिजलेले नाणे मला सर्वांत योग्य वाटते. ते दाबण्यापूर्वीच मीठ घातलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे, कारण नाण्यावरचे डाग दाबल्यावर चित्राबरोबरच लांबतात.