कम्युनिटी कॉलेजात आयटी: दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव (आणि अ‍ॅक्सेस कोडवर जरा जास्तच)

परवा ए प्लस या आयटी सर्टिफिकेटच्या परीक्षेच्या तयारीसाठी पहिल्या सेमिस्टरच्या ऑनलाइन पुस्तकातलं प्रिंटरचं प्रकरण उघडायला गेले, तर स्क्रीनवर एकच ओळ: तुमची मुदत संपली आहे, नूतनीकरण करा. सेमिस्टर संपलं तसं पुस्तकही गेलं. मी पिवळ्या केलेल्या ओळी, बाजूला लिहिलेल्या नोट्स, सोडवलेल्या लॅब्ज, सगळं आत आणि मी बाहेर. बरं, शंभर डॉलरच्या वर मोजले होते ते मीच. तेवढ्यासाठी लिहायला बसले. अमेरिकेतल्या माझ्या या कम्युनिटी कॉलेजबद्दल एरवी माझी फारशी तक्रार नाही.

क्रेडिट (प्रत्येक कोर्सचे गुणांक), असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते सोडते. माझ्यासारखे एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या वर्क व्हिसावर अवलंबून असाल तर शिकायला वेगळा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज, मात्र आपल्याला लागू नाही, म्हणजे फी खिशातूनच. राज्यातल्या रहिवाशांसाठीचा कमी फीचा दर मिळेल की नाही याचे नियम राज्यागणिक बदलतात. खिडकीवरच्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, मेलवर लेखी घ्या. दोन दरांतला फरक पाहिलात की कळेल मी का सांगतेय.

आता तो अ‍ॅक्सेस कोड, म्हणजे ऑनलाइन पुस्तक उघडायला विकत घ्यावा लागणारा नंबर. हार्डवेअरच्या कोर्सला पुस्तक, गृहपाठ, चाचण्या आणि लॅब्ज असं सगळं एकाच वेबसाइटवर होतं. मार्क तिथेच पडतात, त्यामुळे ‘मी नाही घेत’ म्हणायची सोय नाही. जुनं पुस्तक स्वस्तात घ्यावं तर कोड एकदाच चालतो, सेकंडहँड ही भानगडच संपली. लायब्ररीत छापील प्रत आहे, पण गृहपाठ त्या प्रतीत कुठून येणार? काही ठिकाणी हा खर्च थेट फीमध्येच धरलेला असतो आणि ठरावीक तारखेआधी नकार कळवायची मुभा असते. मुभा छान आहे. नकार दिल्यावर गृहपाठ कुठे जमा करायचा, एवढंच विचारायचं नाही.

आणि त्या लॅब्ज! एका लॅबमध्ये संगणकाचा आयपी पत्ता शोधायचा होता. मी कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग दिलं, पत्ता समोर आला, तोच भरला. अर्धे मार्क गेले. कारण? सेटिंग्जमधून जाऊन पाहायला हवं होतं म्हणे. उत्तर बरोबर, वाट चुकीची. शिक्षकांना दाखवलं तर ते हसले आणि म्हणाले, नोकरीत कोणीही तुझ्यासारखंच करेल. मार्क त्यांनी हाताने वाढवून दिले, पण असं किती वेळा त्यांच्या मागे लागायचं?

मुदत संपल्यावर सपोर्टला लिहिलं की निदान माझ्या नोट्स तरी उतरवून घेऊ द्या. दोन आठवड्यांची ‘सदिच्छा’ मुदतवाढ देऊ केली, पण ती सुरू करायला क्रेडिट कार्डाचा नंबर हवा. दिला नाही. वर गंमत अशी की पुस्तक ए प्लसच्या ११०१-११०२ या जुन्या पेपरांच्या संचावरचं. मार्च २०२५ मध्ये १२०१ आणि १२०२ आले, जुने सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाले. म्हणजे पैसे भरून शिळं पुस्तक उघडायचं!

पहिल्या सेमिस्टरअखेर हा रिव्ह्यू लिहिला असता तर ‘यूट्यूबवर फुकट शिका, कॉलेजच्या वाटेला जाऊ नका’ असंच लिहिलं असतं. दुसऱ्या सेमिस्टरने मत बदलायला लावलं.

नेटवर्किंगचे शिक्षक अर्धवेळ होते. दिवसा कुठल्याशा रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळायचे, संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. त्यांना स्वतःची केबिनही नाही, भेटायचं तर कॅफेटेरियात. पण विकत घ्यायचं काहीच नाही. सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे स्क्रीनवरच खोटं नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर, त्यांच्या नेटअ‍ॅकॅड या शिकवणीच्या साइटवर खातं काढलं की मोफत मिळतं, त्यातच राउटर जोडायचे, तोडायचे. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटणं, कागदावर, कॅल्क्युलेटरला बंदी. /२६ आकाराचा गट म्हणजे ६४ पत्ते, पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (गटातल्या सगळ्यांना एकदम निरोप पाठवायचा), हाती उरले ६२. पुढचे गट ६४, १२८, १९२ पासून. सुरुवातीला डोकं उठायचं. आता भाजी चिरताना सुटतं.

एका संध्याकाळी केबल क्रिंप करायला, म्हणजे तारांच्या टोकाला प्लग दाबून बसवायला बसवलं. टी५६८बी या ठरलेल्या मानकातला तारांचा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. माझ्या शेजारच्याने निळी जोडी मध्ये घातलीच नाही, पांढऱ्या-हिरव्याला लागून हिरवी लावून टाकली, दोन्ही टोकांना तशीच. स्वस्तातल्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागले, गडी खूश. सरांनी केबल हातात घेतली, पारदर्शक प्लगमधून रंग पाहिले आणि म्हणाले, दिवे लागतील, पण वेग वाढला की ही रडवेल. प्लगमधल्या ३ आणि ६ क्रमांकाच्या जागी एकमेकांना पिळलेली जोडी हवी. जोडी फुटली की शेजारच्या तारांचा गोंगाट आत शिरतो, आणि टेस्टर फक्त तार पोचली का एवढंच बघतो. हे त्या वेबसाइटवर ‘बरोबर’ची हिरवी खूण मिळवून निघून गेलं असतं. फी या संध्याकाळीच वसूल झाली असं मी नवऱ्याला सांगितलं. त्याने कोडचे पैसे धरून हिशोब विचारला, तो विषय वेगळा.

बाकी थोडक्यात. पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जायचं असेल तर ए.ए.एस. (असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स) घेण्याआधी त्या विद्यापीठाला विचारा. ती डिग्री थेट नोकरीसाठी बांधलेली असते आणि तिची बरीच क्रेडिट्स पुढे धरली जात नाहीत. ए प्लसला दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, आणि एका पेपरची पूर्ण किंमत अडीचशे डॉलरच्या वर. कॉलेजच्या ईमेलवर विद्यार्थी सवलत मिळते, ती न घेता पैसे भरू नका. सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं. त्याच ईमेलवर मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर या क्लाउड सेवेवर वापरायला १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, आणि त्यासाठी कार्ड मागत नाहीत, हे विशेष नोंदवते. ट्यूटरिंग सेंटर फुकट असतं आणि बहुतेक वेळा रिकामं. तिथल्या मुलाने मला बायनरी ज्या धीराने शिकवलं, तेवढा धीर घरात कोणाकडे नाही.

आठ आठवड्यांत उरकणारे ऑनलाइन वर्ग नवख्यांनी घेऊ नयेत, प्रत्यक्ष लॅब असलेलाच वर्ग निवडा. काही कॉलेजांच्या वेळापत्रकात पुस्तकाचा खर्च शून्य असल्याची खूण कोर्ससमोर असते. मी आता आधी ती खूण बघते, मग विषय. पुढच्या सेमिस्टरला लिनक्स घेतलंय, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी. तशी खूण असलेला तेवढा एकच वर्ग होता, आणि त्यात दोन जागा शिल्लक होत्या.