फळांचं थंड कपाट: सात महिन्यांनंतर

कपाटाचे लिटर, कप्पे, वीज हे सगळं माहितीपत्रकात आहे. मला बोलायचंय ते कपाटाच्या पडद्यावर दिसणाऱ्या ‘१३’ अंश या तापमानाच्या आकड्याबद्दल.

दुसऱ्या महिन्यात केळ्यांच्या तीन फण्या तळाच्या कप्प्यात ठेवल्या. आठवड्याने बाहेर काढल्या तर पिकण्याऐवजी साल राखट होत काळी पडली, गर टणकच राहिला. सालीचा पापुद्रा सोलून पाहिला तर आतल्या शिरा तपकिरी. म्हणजे थंडी बाधली होती. केळ्याला साधारण १३ अंशांखाली ती बाधते, आणि पुष्कळदा फळ उबेला आल्यावरच कळतं. तीन फण्या टाकून द्याव्या लागल्या, ते अजून मनातून जात नाही.

दुरुस्तीवाले आले, पडदा पाहिला, “१३ आहे की,” म्हणाले आणि गेले. दुसऱ्या खेपेला म्हणाले, फळंच खराब असतील. तिसऱ्या खेपेआधी मी साधा थर्मामीटर एकेका कप्प्यात रात्रभर ठेवला. वर १३, मध्ये ११, तळाला ९! सेन्सर वर, दाराजवळ बसवलाय आणि थंड हवा सुटते मागून, तळाशी. दार उघडलं की सेन्सरला ऊब लागते, यंत्र जोरात चालतं आणि गारठा खालच्या फळांना बसतो. हे लिहून दाखवलं, तरी उत्तर तेच: मशीन ओके आहे.

तेव्हा मी एक तारा देणार होते. आता तीन देईन. आकडा १६ वर ठेवल्यापासून तळाला १२ मिळतात, तिथे अननस छान राहतो. केळी नि कच्चे आंबे मध्ये. पिकवायला आंबे बाहेरच काढते, २० ते २२ अंशांना रंग आणि वास नीट येतो. आर्द्रता मात्र कपाट उत्तम धरतं, फळं सुरकुतत नाहीत.

सोबतच्या जांभळ्या पुड्यांना मी उगाच नावं ठेवली. त्यातलं पोटॅशियम परमँगनेट फळांतून सुटणारा, त्यांना पिकवणारा इथिलीन वायू खातं. पण मीच पिकलेली पपई कच्च्या आंब्यांशेजारी ठेवत होते, तिच्या इथिलीनपुढे एवढीशी पुडी काय पुरणार? कंपनी म्हणते पुड्या महिन्याला बदला. मी दाणे तपकिरी होईपर्यंत वापरते, जांभळे असताना फेकायच्या कशाला?

वॉरंटी संपायच्या आत चौथी तक्रार टाकतेय: सेन्सर खाली बसवून द्या. तोवर थर्मामीटर तळाच्या कप्प्यातच राहील.