आमच्या मंडळीची नवी पेटी : आठ महिने वाजवून झाल्यावर

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, नवी पेटी (हार्मोनियम) घेतली. स्केल चेंजर, खर्ज-नर अशी दुहेरी सुरांची (खर्ज जाड आवाजाचा, नर त्याच्या वरचा), कपलर असलेली, साडेतीन सप्तकांची, सागवानी. स्केल चेंजर आणि कपलर काय ते पुढे सांगते. किंमत २८,५०० रुपये, गादीची पिशवी १,२०० रुपये वेगळी. यातले निम्म्याहून जास्त पैसे महिला संघाचे. स्वयंपाकाला बसताना रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं, महिन्याच्या शेवटी ते विकायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. त्या पैशांचा हिशेब द्यावा तसं हे लिहिते आहे. शिवाय शेजारच्या तीन गावांतल्या मंडळ्यांनी विचारलंय, घेऊ का म्हणून.

मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, आमच्या देवळात १९८४ पासून पेटी वाजवते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आजोबा ख्रिस्ती कीर्तन करायचे, त्यांच्या मागे बसून शिकले. मैफिलीत वाजवणाऱ्यांच्या दृष्टीने ही पेटी कशी आहे ते मला सांगता येणार नाही. साठ-सत्तर माणसं सतरंजीवर बसून एकदम गातात, त्यांना ती कशी उपयोगी पडते, एवढंच सांगते.

आधीची पेटी चाळीस वर्षांची होती. दोन्ही सूर नर, आवाज खणखणीत, पण पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा' कुठे धरायचा ते, बदलायची सोय नाही. मी शिकले ती पांढरी चारवर, म्हणजे सप्तकातली चौथी पांढरी पट्टी 'सा' धरून, त्यामुळे बोटं तिथेच बसलेली. सगळी गाणी पांढरी चारमध्ये. धृपद सगळे गायचे. अंतरा वर चढला की पुरुष एक सप्तक खाली उतरून पुटपुटायचे, बायका पदर तोंडाशी धरून थांबायच्या आणि पुढचं कडवं मी आणि गायनवृंदातल्या चार मुली संपवायचो. वर्षानुवर्षं मला वाटायचं, लोकांना गायची आवड उरली नाही. पाळकसाहेबांनी दोनदा उपदेशात तसं सांगितलंही. खरं कारण माझी बोटं होती.

आमच्या गाण्यांची गंमतच अशी आहे की एका उपासनेत दोन तऱ्हेचं गाणं येतं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, त्यांच्याबरोबर विलायती चाली आल्या, शब्द मराठी झाले. सगळ्यांनी एकदम, चार ओळी सलग म्हणायच्या, मध्ये ठेका नाही. शब्द जिथे ऱ्हस्व तिथे सूर लांब, आणि जिथे दीर्घ तिथे चाल घाईत. म्हातारी माणसं ते आपल्या परीने ओढून सरळ करून घेतात. मग १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळ्यांनी नगरला कीर्तन उभं केलं, टाळ-मृदंगासह. १८९५ साली रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांनी अभंग, ओव्या, पदं लिहायला घेतली ती १९१९ साली जाईपर्यंत. ओवी तर त्याच्याही आधीची, इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सनी गोव्यात १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीतच. आज आमचं गीतांचं पुस्तक 'उपासना संगीत' उघडलं की हे सगळं एकाच पुस्तकात शेजारी शेजारी बसलेलं असतं. पहिलं गीत विलायती चालीचं, प्रार्थनेनंतर अभंग, अर्पणाला पद. पेटीवाल्याला तिन्हींना पुरायचं असतं.

आणि या दोन तऱ्हांना पेटीकडून वेगवेगळं हवं असतं. विलायती चालीत सूर लांब धरावा लागतो, तीन-चार पट्ट्या एकदम दाबलेल्या, आणि ओळीच्या शेवटी लोकांना श्वास घ्यायला जागा द्यायची. इथे भात्याने दम धरला पाहिजे. भजनी ठेक्यात एक जण ओळ म्हणतो आणि मंडळी उचलते, तिथे पट्टी दाबल्याक्षणी सूर निघाला पाहिजे, नाहीतर झांज पुढे आणि पेटी मागे.

पुण्यात एका बाप-लेकाच्या छोट्या कारखान्यात आम्ही गेलो, मी, खजिनदार आणि गिटार वाजवणारा आमच्या तरुण संघातला मुलगा. थोरल्या काकांनी पहिल्यांदा तिहेरी सुरांची पेटी पुढे केली. अतिशय गोड. वाजवून बघितली आणि परत दिली. ते म्हणाले, "बाई, देवळासाठी आवाज मोठाच हवा ना?" मी म्हटलं, काका, आवाज माणसांचा मोठा व्हायला हवा. पेटी एवढी भरदार असली की माणूस आपला आवाज तिच्यात लपवतो आणि हळूहळू गाणं सोडून देतो. त्यांना ते पटलं. मग त्यांनी ही दुहेरी काढली, खर्ज जरा जाड आणि नर मऊ लावलेला.

भात्याची परीक्षा त्यांनीच दाखवली. सूर उघडे ठेवायचे, भाता भरून सोडायचा, एकही पट्टी दाबायची नाही, आणि आकडे मोजायचे. वारा कुठे गळत असेल तर भाता लगेच बसतो. ही पेटी मी ४० मोजेपर्यंत फुगलेली राहिली. शेजारची, ३,००० ने स्वस्त असलेली, २० च्या आत खाली आली आणि कानाजवळ धरली तेव्हा बारीक सूं ऐकू येत होतं. पेटी घ्यायला जाणाऱ्या कुणीही एवढं तरी करून बघावं.

दुसरं म्हणजे सूर लावण्याचं. धाकटा म्हणाला, गंधार नैसर्गिक लावून देतो, फार सुंदर वाटेल. खरंच सुंदर वाटतो. पण तसा लावलेला गंधार एका 'सा'पुरताच बरोबर असतो. पट्टी सरकवली की तोच सूर दुसऱ्या जागी जातो आणि बोचायला लागतो, आणि विलायती गीतात तीन स्वर एकदम धरले की तर फारच. आम्हाला पट्टी रोज सरकवायची आहे, म्हणून सगळे सूर समान अंतरावर लावून घेतले. आमच्या गिटारवाल्या मुलाने फोनवर सूर मोजायचं यंत्र लावून तपासलं, कारण गिटार आणि कीबोर्डशी जुळायला हवं. जुनी पेटी जवळजवळ अर्धा सूर चढी होती, त्या पोराने पाच वर्षं गिटारच्या तारा ताणून ताणून काढली. दोनदा तार तुटून त्याच्या गालाला लागली, कधी तक्रार केली नाही.

आता मुख्य गोष्ट, स्केल चेंजर. पट्ट्यांची सगळी चौकट डावी-उजवीकडे सरकते. बोटं तीच, मी पांढरी चारच वाजवते, पण सूर निघतो पांढरी दोनचा, किंवा काळी एकचा. फेब्रुवारीचे चारही रविवार मी एक वही घेऊन बसले. 'उपासना संगीत'मधल्या गीताचा क्रमांक, कोणत्या पट्टीत घेतलं, आणि शेवटच्या कडव्याला किती जण गात होते. पेन्सिलीने. पहिल्या रविवारी पहिलं गीत पांढरी दोनवर घेतलं. अंतऱ्याला मी सवयीने आवाज चढवायला तयार झाले आणि मागून आवाज आला, पुरुषांचा, भरीव. मी चुकून एक ओळ वाजवायची थांबले. गाणं थांबलं नाही.

पहिल्या सतरंजीवर एक आजी बसतात. अक्षर ओळख नाही, पण पुस्तकातली दोनशेच्या वर गीतं मुखोद्गत आहेत. कुठल्याही गीताचा पहिला शब्द सांगा, त्या पाचही कडवी क्रमाने म्हणतात. गेली कित्येक वर्षं त्या उपासनेत फक्त ओठ हलवायच्या. आम्हाला वाटायचं वय झालं. उपासकाळातल्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या) दुसऱ्या रविवारी टिळकांचा एक अभंग काळी एकवर घेतला, नरचा सूर बंद करून नुसत्या खर्जावर. आजी गायल्या. आवाज कापरा, पण सूर पक्का, आणि एक शब्द त्या आमच्यापेक्षा वेगळा म्हणत होत्या. उपासनेनंतर विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या सासूबाई असंच म्हणायच्या, बाई. तुमच्या पुस्तकात चुकलंय." मी वहीत त्या गीतासमोर त्यांचा शब्द लिहून ठेवलाय. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मंडळीने तोच म्हटला.

तेव्हापासून नियम केला. स्त्री-पुरुष मिळून गाणार असतील तर पांढरी एक ते पांढरी दोन, त्याच्या वर नाही. महिला संघाच्या सभेत खालच्या सप्तकातली पांढरी पाच चालते. शब्बाथ शाळेच्या (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या) मुलांना त्याहून वर आवडतं, त्यांना देते. तरुण संघाची नवी गाणी गिटारवर बसवलेली असतात, ते म्हणतील ती पट्टी, मी सरकवून घेते. पूर्वी त्यांच्या गाण्यांच्या वेळी मी हात मांडीवर ठेवून बसायचे. आता खर्जात दोन स्वर धरून ठेवते, त्यांना ते आवडतं.

कपलरचा मला फार उपयोग नाही. एक पट्टी दाबली की तिच्या सप्तकाची दुसरीही आपोआप दबते, आवाज दुप्पट होतो, पण पट्ट्या जड होतात आणि भजनी ठेक्यात बोटं मागे पडतात. पुनरुत्थानाच्या दिवशी (ईस्टरला) पहाटे मैदानात उपासना होती, तेव्हा लावला. एरवी बंद असतो. पैसे वाचवायचे असतील तर कपलर नसलेली घ्या.

तक्रारी आहेत. जुलैत पाऊस लागला आणि तिसऱ्या आठवड्यात मधल्या सप्तकातला पंचम दाबला की वर येईना. लाकूड फुगलं होतं. रविवारी सकाळी, पहिल्या गीताच्या दुसऱ्या ओळीत, तो पंचम तसाच बोलत राहिला. कारखान्यात फोन केला, आज येतो उद्या येतो करत सतरा दिवस गेले. आठ महिन्यांत मला नाराज करणारी ती एकच गोष्ट, पण मोठी. पेटीवाल्याने पहिल्या पावसाळ्यासाठी वेगळी तजवीज सांगायला हवी होती. शेवटी तालुक्याच्या गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या दादांनी, वारकरी माणूस, येऊन पट्टी काढली, कडेने बारीक पॉलिश पेपर फिरवला, परत बसवली. वीस मिनिटं. पैसे घेतले नाहीत. चहा घेताना त्यांनी पेटी ओढली आणि भजनाची एक चाल वाजवायला लागले, तर आमच्या मुली त्यावर आमचा अभंग म्हणायला लागल्या. चाल तीच निघाली.

त्यांनीच सांगितलं, पावसाळ्यात पेटी ओल्या भिंतीला लावून ठेवू नका, जमिनीपासून फूटभर उंच ठेवा, आणि आठवड्यातून निदान दोनदा वाजवा, सगळ्या पट्ट्या, फक्त लागणाऱ्या नव्हे. उंदीर आतलं चामडं कुरतडतात, म्हणून झाकण बंद आणि भाता हुकात. आता पेटी वेदीच्या बाजूच्या लाकडी कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे आणि दुसरी पाळकबाईंकडे.

वजन हाही दोष धरा. पिशवीसकट एकट्या बाईला उचलत नाही. घरगुती प्रार्थनासभेला न्यायची तर मोटारसायकलवर मागे एकाने धरून बसावं लागतं. पिशवीची चेन एप्रिलमध्येच गेली, १,२०० रुपये वाया. गोधडी शिवून घेतली असती तर बरं झालं असतं.

तर विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं. मंडळी चाळीसच्या वर असेल आणि गाणी दोन्ही तऱ्हेची होत असतील तर स्केल चेंजरच घ्या. तिहेरी सुरांच्या मोहात पडू नका. दुकानात जाताना एकटा वादक नेऊ नका, न वाजवणारी, नुसती गाणारी दोन माणसं न्या, एक पुरुष आणि एक बाई, आणि त्यांना दुकानात उभं करून पूर्ण गीत गायला लावा. लाज वाटेल, तरी लावा. मी तसं केलं नव्हतं, माझं नशीब चांगलं निघालं. दिवाळीनंतर कारखान्यातून सूर तपासायला माणूस येणार आहे, कबूल केलंय, तो आला की नाही ते कळवीन.

जुनी पेटी विकली नाही. भात्याचं चामडं ९०० रुपयांत बदलून घेतलं. नाताळच्या फेरीत घरोघर गात फिरताना गळ्यात अडकवून न्यायला ती हलकी आहे, नवी नेता येणार नाही. पण तिची पट्टी सरकत नाही, आणि रात्री थंडीत पांढरी चारवर लोकांना गायला लावायचं आता माझ्याने होणार नाही. म्हणून फेरीची सहा गाणी तिच्यावर पांढरी दोनच्या बोटांनी बसवायला घेतली आहेत. रोज संध्याकाळी तासभर. चार झाली, पाचव्याचा अंतरा अजून अडतोय.