४००जी कोहेरंट मॉड्यूल, काही महिन्यांनंतर: डिस्पर्शनमध्ये पास, लॉकमध्ये नापास

स्पेक्स सगळ्यांना तोंडपाठ आहेत, ते परत लिहीत नाही. मॉड्यूल म्हणजे फायबरवर लेझरने सेकंदाला ४०० गिगाबिट पाठवणारं-घेणारं यंत्र, कोहेरंट म्हणजे प्रकाशाची फेजही वाचणारं; आमचं ४००जी झेडआर प्लस प्रकारचं, साधी जी.६५२ (नेहमीच्या प्रकारची) फायबर, मुख्य मार्ग ८० किमी, राखीव १२० किमीच्या आसपास, दोन्ही टोकांना ऑप्टिकल स्विच. परवा खोदकामात मुख्य केबल तुटली. स्विचने मार्ग लगेच बदलला, पण नव्या मार्गावरचा सिग्नल पकडून (यालाच लॉक म्हणतात) लिंक उठायला एवढा वेळ लागला की दोन्हीकडच्या राउटरनी पलीकडचा मेला असं समजून सगळे रूट काढून टाकले. त्या रागातच लिहायला बसलोय.

आधी चांगलं सांगतो. रॅकमधून डीसीएमची (डिस्पर्शन, म्हणजे फायबरमध्ये सिग्नल पसरत जाणं, ते भरून काढणारी) पेटी गेली, माझ्यासारख्या चिकट माणसाला याहून मोठं सुख नाही. ८० किमीच्या डीसीएममध्ये उलट्या डिस्पर्शनची दहाबारा किलोमीटर फायबर गुंडाळलेली असते. तिचा लॉस भरून काढायला वेगळा अँप्लिफायर लागतो, वर ५०-६० मायक्रोसेकंदांचा फुकटचा उशीर. आता तेच काम मॉड्यूलमधला डीएसपी (सिग्नलवर गणित करणारी चिप) करतो. किलोमीटरमागे १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर धरलं तर ८० किमीला १३६० होतात. ६० गिगाबॉडला, म्हणजे सेकंदाला ६० अब्ज सिम्बॉल (सिग्नलचे ठोके) पाठवताना, एक सिम्बॉल असतो जेमतेम १७ पिकोसेकंदांचा. म्हणजे वाटेत तो पसरून चाळीसेक शेजाऱ्यांच्या अंगावर जातो. तरी प्री-एफईसी बीईआर (दुरुस्तीआधीच्या चुकलेल्या बिटांचं प्रमाण) ढिम्म हलत नाही. मानलं बुवा.

मग लॉकला काय धाड भरलीय? सपोर्टचं उत्तर ठरलेलं: कनेक्टर साफ करा. केले. पॉवर बघा. दोन्ही मार्गांवर व्यवस्थित. बरीच मेलामेली झाल्यावर एका इंजिनिअरने खरं काय ते सांगितलं. नमुना नेमका कधी घ्यायचा, हे टायमिंग रिकव्हरीला (सिग्नलमधूनच घड्याळ ओळखणाऱ्या भागाला) सिग्नलच्या चढउतारांवरूनच कळतं. डिस्पर्शनमुळे ते एकमेकांत मिसळले की हे टायमिंग ओळखणारा गार्डनरचा १९८६ सालचा डिटेक्टर असो की त्याची सुधारलेली भावंडं, हाती भोपळा. त्यामुळे मॉड्यूल आधी डिस्पर्शनचे आकडे एकेक करून घालून बघतं, अंदाज जवळपास आला की मगच घड्याळ धरतं. आणि फॅक्टरी सेटिंगमध्ये हा शोध उणे हजारोंपासून अधिक हजारोंपर्यंत! आम्हाला लागतात मुख्य मार्गाला १३६० आणि राखीवला २०४०, तेही अधिक बाजूचेच.

एवढं लिहून झाल्यावर मर्यादा ११०० ते २३०० करून बघितली. फरक डोळ्यांना दिसतो. राउटरचे टायमर थोडे सैल केले तर रूट आता टिकतात. त्यामुळे वरचा राग निम्मा मागे घेतो. निम्माच, कारण एसडीएच या जुन्या नेटवर्कच्या ५० मिलिसेकंदांत मार्ग बदलण्याची सवय असलेल्याला हे अजूनही रडकंच वाटणार, आणि ही सेटिंग मॅन्युअलमध्ये अशा कोपऱ्यात आहे की ती कोणाला सापडूच नये.

एक फायदा मात्र कोणी सांगितला नव्हता. केबल जोडून झाल्यावर 'मुख्य मार्गावर आलो' असा निरोप आला. मॉड्यूल डिस्पर्शन दाखवत होतं २०३८. म्हणजे स्विच फिरलाच नव्हता. ओटीडीआर (फायबरची लांबी आणि तुटलेली जागा मोजणारं यंत्र) बाहेर काढावा लागला नाही, फोनवरच सांगून टाकलं.

तापतं भरपूर, पंख्यांकडे लक्ष ठेवा. आणखी एक जोडी घेणार आहे, पण या वेळी रीलॉकला जास्तीत जास्त किती वेळ लागेल ते लेखी मागितलंय. विक्रेत्याने उत्तरात परत तेच माहितीपत्रक पाठवलं.