तीन फुटीतून चार फुटीत: रीफ टँक हलवल्यानंतरचा अनुभव

फेब्रुवारीत तीन फुटी रीफ टँक, म्हणजे प्रवाळ (कोरल) आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, चार फुटीत हलवला. मे महिना, अख्खा पावसाळा आणि ऑक्टोबर हीट यातून तो पार पडलाय, म्हणून आता लिहितोय. महिन्याभरात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

आधी मापं. जुना ३६ × १८ × १८ इंच, म्हणजे साधारण १९० लिटर. नवा ४८ × २४ × २४, काच १२ मिमी, पाणी साडेचारशे लिटर. लांबी फूटभर वाढली आणि पाणी दुपटीच्या वर गेलं. रिकामी काचच नव्वदेक किलो. पाणी, दगड, वाळू, स्टँड, खालचा संप (गाळण्याची यंत्रणा ठेवायची दुसरी टाकी) धरून सातशे किलोच्या पुढे. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून डिझाइन करतात आणि हा टँक पाऊण चौरस मीटरसुद्धा अडवत नाही. आमची अंधेरीची बिल्डिंग जुनी, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवूनच जागा ठरवली. हॉलच्या मधली हौसेची जागा गेली, बीमवरची भिंतीलगतची मिळाली. लिफ्टमध्ये टँक मावला नाही. हमालांनी जिन्यावरून चढवला. सेक्रेटरींचा जीव मात्र शेवटपर्यंत पायऱ्यांच्या लाद्यांत अडकलेला.

हलवताना सगळे विचारतात, जुनं पाणी किती ठेवलंस? खरं तर अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच, ते दगडांवर आणि वाळूत असतात. दगड ओले राहिले की निम्मं काम झालं. माझी काळजी वाळूची होती. शेवटचा मोठा दगड उचलला तेव्हा खाली तळहाताएवढा काळा पट्टा दिसला आणि सडक्या अंड्याचा वास आला. हायड्रोजन सल्फाइड. वर्षानुवर्षं साचलेला गाळ आणि हा वायू ढवळून नव्या टँकमध्ये ओतला तर मासे संध्याकाळ बघत नाहीत. म्हणून जुनी वाळू सगळी टाकली, वरच्या थरातली दोन मुठी तेवढी धुऊन विरजणासारखी नव्या वाळूत मिसळली. मासे त्याआधीच ड्रममध्ये गेले होते. पण दगड बाहेर काढेपर्यंत क्लाऊनफिशच्या जोडीमागे जाळी घेऊन धावण्यात अर्थ नाही, ते कपारीत बसून तुमची मजा बघतात.

झोआ (बटणासारखे दिसणारे मऊ कोरल) हाताळताना हातमोजे आणि गॉगल लागतातच. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. दगड गरम पाण्याने घासून साफ करायची कल्पना तर डोक्यातही आणू नका, वाफेतून ते अंगात जातं.

माझ्याकडे झोआ, मशरूम आणि लेदर एवढेच मऊ कोरल आहेत. दगडी सांगाड्याचे सगळे कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये येतात. दुकानात मिळतो म्हणजे चालतो, असं होत नाही.

पहिले काही आठवडे कंटाळवाणे. वाळूवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) आले आणि आपोआप गेले. लेदरने तोंड मिटलं, अंगावर मेणचट पापुद्रा धरला, मग तो टाकून पुन्हा फुलला. लाइट नवीन आणि जोरदार असल्याने तीस टक्क्यांवर ठेवून हळूहळू वाढवला. खरी कुरकुर नंतर सुरू झाली. मासे तेवढेच, पाणी दुप्पट, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) मोठा. नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे कोरलना थोडी लागणारी पोषकं, दोन्ही शून्यावर आणि झोआ फिके. पाणी जास्तच स्वच्छ झालं होतं! खाणं वाढवलं, स्किमर रात्रीपुरता ठेवला, तेव्हा रंग परतला.

मोठ्या पाण्याचा फायदा मे महिन्यात कळला. जुना टँक दुपारी चिलर बंद पडला की तासाभरात तापायचा. हा सावकाश तापतो, धावपळ करायला वेळ देतो. जुलैत पंखा लावून पाणी गार करणं मुंबईत विसरा. हवाच इतकी दमट की बाष्पीभवन होत नाही. चिलर लागतोच, आणि तो हॉलमध्येच ठेवला तर काढलेली उष्णता हॉलमध्येच सोडतो, मग एसी त्याच्याशी भांडत बसतो. मी पाइप लांबवून बाल्कनीत ठेवला. विजेचं बिल वाढलंय, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पाणी बदलणं मात्र जड झालं. दहा टक्के म्हणजे ४५ लिटर, दीड किलोच्या वर मीठ आणि आरओचं तिप्पट वाया जाणारं पाणी. ते लादी पुसायला, बाथरूमला वापरतो, तरी पाणीकपातीच्या दिवसांत घरात कुजबुज होतेच. टँकरचं पाणी आलं की टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) उडी मारतो आणि आरओनंतर उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लवकर संपतं. आईचं म्हणणं, "अरे, समुद्र एवढा पुढ्यात आहे, दोन कळशा आण की." जुहूच्या किनाऱ्यावर नाल्यांचं पाणी मिसळतं, पावसाळ्यात खारटपणाही उतरतो, हे तिला पटलेलं नाही.

संपवाल्यांनी एक करा: टँक भरल्यावर मेन स्विच मुद्दाम बंद करून बघा. संपमधून पाणी वर नेणाऱ्या रिटर्न पाइपमधून वरचं पाणी उलटं खाली उतरतं, संपमध्ये तेवढी जागा हवी. माझ्या संपमध्ये काठाला चार बोटं उरली, म्हणून पाइपला पाण्याच्या पातळीलगत सायफन तोडणारं (हवा आत घेऊन पाणी उतरणं थांबवणारं) भोक पाडून घेतलं. ते भोक शेवाळाने बुजतं, दर महिन्याला काडी घालून मोकळं करावं लागतं.

आता निळा टँग मासा घालणार का, असं जो तो विचारतो. नाही. तो फूटभर वाढतो आणि दिवसभर पोहतो, त्याला चार फूट अपुरेच. त्या पैशात रिटर्न पंप स्पेअर घेऊन ठेवतोय.