रुग्ण कल्याण समिती की लोकाधारित देखरेख?

एका सरपंचताईंना ग्रामीण रुग्णालयाच्या कारभारात लक्ष घालायचंय. एक वाट रुग्ण कल्याण समितीची, म्हणजे रुग्णालयाचा निधी कुठे खर्चायचा ते ठरवणाऱ्या समितीची; दुसरी लोकाधारित देखरेखीची, म्हणजे गावकऱ्यांनीच आरोग्यसेवेवर लक्ष ठेवण्याची. दोन्हीकडे पुरं पडणं शक्य नाही, मग कुठे जावं?

पैशाचं उत्तर सरळ आहे. रुग्ण कल्याण समितीच्या हातात निधी असतो. दुरुस्ती, बाकडी, पाण्याची सोय तिथेच मंजूर होते. देखरेख समितीकडे दमडी नसते.

दबावाचं गणित मात्र उलटं. कल्याण समितीचे सचिव रुग्णालयाचेच डॉक्टर. त्यांच्याच खोलीत, त्यांचाच चहा पीत ‘औषधं बाहेरून का लिहून देता?’ विचारायला जीभ रेटत नाही. देखरेखीत गावकरीच माहिती गोळा करून आरोग्यसेवेचं प्रगतिपत्रक भरतात, आणि जनसुनावणीत साहेबांना चारचौघांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात २००७ साली पाच जिल्ह्यांत ही पद्धत सुरू झाली.

मेहनत? कल्याण समितीत बैठकीपुरती, कधीकधी तर नुसत्या सह्यांपुरती! देखरेखीला पायपीट आहे, आणि एखादी संस्था पाठीशी नसेल तर उत्साह लवकर ओसरतो.

तेव्हा ताई, नळ-शौचालय हवं असेल तर कल्याण समितीत बसा. गैरहजर डॉक्टर, बाहेरच्या चिठ्ठ्या, उर्मट वागणूक हा त्रास असेल तर देखरेखच धरा.