ईमेल सिक्युरिटीचे पैसे घेतले आणि डोमेन उघडं टाकलं, तुमचा एसपीएफ रेकॉर्ड आजच बघा

भोसरीत आमचं सीएनसी जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, मी आणि दादा मिळून बघतो. वेबसाइट, डोमेन (ईमेलमधे @ च्या पुढे येणारं नाव) आणि कंपनीच्या नावाचे ईमेल एका लोकल होस्टिंगवाल्याकडून घेतलेले, म्हणजे मोठ्या कंपनीकडून जागा घेऊन पुढे विकणारा रिसेलर. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

2024 च्या सुरुवातीला त्याचा फोन आला की गुगल आणि याहूने फेब्रुवारीपासून नवीन नियम आणलेत, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क नसेल तर तुमचे मेल जीमेलला पोचणारच नाहीत, आमचं ऑथेंटिकेशन पॅकेज घ्या, वर्षाला 12,000. मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे का हे तपासायच्या या तीन सोयी: एसपीएफ म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवरून येऊ शकतात त्याची यादी, डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, डीमार्क म्हणजे तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ती सूचना. नियम आले होते हे खरंय. पण तिन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत त्या दिवसाला 5000 च्या घरात किंवा जास्त मेल जीमेलला टाकणाऱ्यांना, आमच्यासारख्या मोजक्या बिलं-कोटेशनं पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक असलं तरी चालतं, हे त्याने सांगितलंच नाही. आणि याचे वेगळे पैसे मुळात कशाला? सीपॅनलवालं (होस्टिंग सांभाळायचं एक सॉफ्टवेअर) होस्टिंग असेल तर आत ईमेल डिलिव्हरेबिलिटी नावाचं पान असतं, काय चुकलंय ते तिथेच दिसतं आणि डीएनएस (डोमेनच्या नोंदी जिथे ठेवतात ते) त्याच सर्व्हरवर असेल तर रिपेअरचं बटण दाबलं की झालं. पॅनलचा पासवर्ड मात्र त्याने आम्हाला कधी दिलाच नाही, सिक्युरिटीचं कारण सांगायचा.

दादाने पैसे भरले, होस्टिंगवाल्याने स्क्रीनशॉट पाठवला, एसपीएफ पास, हिरवी टिक.

पुढे आमच्या चाकणच्या एका जुन्या कस्टमरला मेल गेला, आमच्याच डोमेनवरून, अकाउंट्सच्या नावाने, की बँक बदलली आहे, पेंडिंग बिलं नवीन खात्यावर टाका. त्यांच्या माणसाने पत्ता नीट बघितला, एक अक्षरही चुकलेलं नव्हतं, मग त्याने पावणेतीन लाख टाकले. आम्ही पेमेंटसाठी फोन केला तेव्हा सगळं बाहेर आलं. लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, थोडी रक्कम बँकेत होल्ड झाली, बाकीची तोवर काढून घेतलेली. कस्टमर म्हणतो तुमच्या मेलवरून आलं, आम्ही म्हणतो आम्ही पाठवलंच नाही, आणि पंधरा वर्षांचा व्यवहार त्यात अडकलाय.

त्या मेलचं हेडर (मेल कुठून कसा आला ते दाखवणारा लपलेला भाग) काढून कंपन्यांचं नेटवर्किंग बघणाऱ्या एका मित्राला दाखवलं. रिप्लायचा पत्ता कुठल्यातरी फुकट मेलचा, पाठवणारा सर्व्हर भलत्याच ठिकाणचा, आणि तरी समोर लिहिलेलं एसपीएफ पास. त्याने आमचा रेकॉर्ड उघडला तर शेवटी होतं प्लस ऑल.

हे नीट समजून घ्या. ईमेल पाठवायची मूळ पद्धत 1982 ची, त्यात फ्रॉममधे कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, तपासणी नाहीच. म्हणून नंतर एसपीएफ आलं, त्यात तुम्ही जाहीर करता की माझ्या डोमेनचे मेल अमुक सर्व्हरवरूनच येतील. शेवटी मायनस ऑल (-all) असेल तर बाकीचे सगळे खोटे, टिल्ड ऑल (~all) असेल तर बाकीचे संशयास्पद. प्लस ऑल (+all) म्हणजे जगातला कुठलाही सर्व्हर चालेल, वॉचमनला सांगून ठेवायचं की येईल त्याला आत सोड. म्हणून तर टिक हिरवी होती, ती कुठूनही पाठवलं तरी हिरवीच येणार! होस्टिंगवाल्याला विचारलं तर म्हणाला असं टाकलं की मेल कुठे अडकत नाहीत, कस्टमरच्या कंप्लेंट येत नाहीत. पैसे कशाचे घेतले मग?

आणि प्लस ऑल असताना वर डीमार्क रिजेक्टवर (नापास मेल परत पाठव) ठेवला असता तरी तो मेल आत गेला असता, कारण डीमार्कला एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक आपल्या डोमेनशी जुळून पास झालं की पुरतं. आमचा डीमार्क तर नुसता नन वर होता, नन म्हणजे फक्त रिपोर्ट पाठव, अडवू नकोस.

विंडोजवर एनएसलुकअप (nslookup) कमांडने किंवा कुठल्याही फुकट डीएनएस तपासणीच्या साइटवर डोमेन टाकून टीएक्सटी (TXT) रेकॉर्ड बघा, एसपीएफ त्यातच असतो. एसपीएफचा रेकॉर्ड एकच हवा, दोन असले की तपासणी एररमधे जाते. डीमार्क नन वर असेल तर रिपोर्ट बघत क्वारंटाइन (नापास मेल स्पॅममधे टाक) आणि मग रिजेक्ट करा, एकदम रिजेक्टवर उडी मारू नका, बिलिंग सॉफ्टवेअर दुसऱ्या सर्व्हरवरून मेल पाठवत असेल तर तुमचीच बिलं परत येतील. डोमेन कुणाच्या नावावर आहे तेही बघा, आमचं होस्टिंगवाल्याच्याच नावावर निघालं, सोडवायला जीव मेटाकुटीला आला.

एखादं अक्षर बदलून घेतलेल्या खोट्या डोमेनला यातलं काहीच थांबवत नाही, त्यामुळे बँक बदलल्याचा मेल आला की आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन कराच. एनईएफटी-आरटीजीएसला रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 पासून खातेदाराचं नाव दाखवायला लावलंय, पैसे सोडायच्या आधी ते वाचा.

रेकॉर्ड वाचताना अडलं तर मला डोमेनचं नाव कळवा, बघून सांगतो. पासवर्ड देऊ नका, मलाही नाही आणि "चेक करून देतो" म्हणणाऱ्या कुणालाही नाही, हे रेकॉर्ड सगळ्यांना उघड दिसतात, बघायला पासवर्ड लागत नाही.